इनासचा पडदा

इनास फोटोवाल्यानं स्टुडिओ बंद केला तेव्हा
वेंगुर्ल्याच्या बंदर रोडवरून हातगाडीवर आणला मी हा.
सत्तावीस इंची पडदा, डोकं त्याच्याच पाठीत,
वजन म्हणाल तर भरल्या हंड्याएवढं.
"चार हजार दी," इनास म्हणाला,
"आणि खाऱ्या वाऱ्यात उघडो टाकू नको."
मग तो वसईला लेकीकडे गेला.

आता याला एकट्यानं फारसं झेपत नाही.
नवीन सॉफ्टवेअर याचा उंबरा चढत नाही.
नेटवरचं एक पान उघडायला घेतलं
की आतला पंखा असा घुरघुरतो,
शेजारचा शिंपी ओरडून विचारतो,
"काय रे, गिरण घातलंस?"

म्हणून लॅपटॉपपासून एक वायर ओढली,
याच्या कीबोर्डवरच्या दोन कळा एकदम दाबल्या,
आणि त्यानं आपलं सगळं मागे सारून
माझं चित्र तोंडावर घेतलं.

तेव्हापासून डावीकडे लॅपटॉप, उजवीकडे हा.
डावीकडे याद्या, आकडे, लोकांचे निरोप,
उजवीकडे आरोलकर बाईंच्या आगळाचं लेबल,
हातभर मोठं, एकेक अक्षर सुपारीएवढं.
रंग मात्र दोघांचे कधी जुळले नाहीत.
लॅपटॉपवर आगळ यंदाचं,
याच्यावर गेल्या सालचं.
बाई चष्मा कपाळावर चढवून विचारतात,
यातलं खरं कुठलं?
मी म्हणतो, छापून येईल ते.

एक गोष्ट मला उशिरा कळली.
हा नुसता पडदा म्हणून चालत नाही.
माझं चित्र दाखवायचं तर
आतून स्वतःलाही जागं राहावं लागतं याला.
दुपारपर्यंत पाठ तापते,
विजेचं बिल दोन माणसांचं येतं,
आणि त्या तापल्या पाठीआड कुठेतरी
इनासचा स्टुडिओ चालूच असतो,
दार उघडं, गिऱ्हाईक नाही.

वायर हलली की दिसतो.
इथल्या हवेत पितळेला हिरवं चढतं,
मी खोडरबरानं घासतो, आठ दिवस बरं जातं.

परवा तुळाजी कुबल
पोराच्या पासपोर्टाचा फॉर्म भरायला बसला होता.
टेबलाला त्याचा गुडघा लागला.
माझ्या सगळ्या खिडक्या धडाधड
लॅपटॉपवर येऊन एकमेकींवर पडल्या,
आणि उजवीकडे, भल्यामोठ्या उजेडात,
एक होडी.
वाळूवर, ओंडक्यांवर चढवलेली,
ओला निळा रंग, नाळेला झेंडूची माळ,
"सातेरी प्रसाद",
बाजूला दोन माणसं आणि एक पाठमोरी बाई.
वरच्या कोपऱ्यात तारीख एक जानेवारी, साल भलतंच.
आतली बॅटरी मेल्यापासून
हा रोज तिथूनच सुरुवात करतो.

तुळाजी हलला नाही.
मग म्हणाला, "ही माझी."
टाळेबंदीच्या साली विकली होती त्यानं,
आलेल्या पहिल्या भावाला.
"हो फोटो इनासान कधी काढल्यान?"
मला काय ठाऊक.
मी वायर खोचायला हात पुढे केला.
"ऱ्हवांदे," तो म्हणाला, "जरा ऱ्हवांदे."
चहा आला, त्यावर साय धरली.
दोघांतला बारका तो, एवढं सांगितलं त्यानं.
बाईचं नाही सांगितलं.

दिवाळीत याची डिस्क पुसायची असं माझं ठरलं होतं,
तेवढाच हलका चालेल.
पेनड्राइव्ह तयार करून ठेवलाय,
खणात, जुन्या रबरी शिक्क्यांत पडून आहे.

तुळाजी अधूनमधून येतो, फॉर्म नसताना.
स्टूल ओढतो, काही मागत नाही.
मी वायर काढतो, माझं दिवसभराचं काम
डावीकडे दाटीवाटीनं उभं राहतं,
चूक लपली तरी सापडत नाही.
पाच मिनिटं, कधी दहा.
मग तोच खाली वाकून, बोटांनी चाचपत,
भोक शोधून वायर खोचतो.
"कर रे तुझा काम. बाईचे बाटले थांबले असतीत."

मी दोन कळा दाबतो.
होडी आत जाते.